मित्रांच्या खिशावर चाललेले पुनर्वसन

पाय कापून जीव वाचवणे ही आता वैद्यकशास्त्राची कसोटी राहिलेली नाही. जिल्ह्याच्या सिव्हिल रुग्णालयातही ती शस्त्रक्रिया होते आणि पात्र कुटुंबांसाठी तिच्या खर्चाला शासकीय योजनेचा आधार असतो. कसोटी लागते ती वाचलेल्या जिवाची, डिस्चार्ज कार्डावर सही झाल्याच्या दुसऱ्या दिवसापासून. शासनाच्या दप्तरी त्या सहीने प्रकरण मिटते. रुग्णाच्या घरी ते तेव्हा उघडते. ते निस्तरायला उरतात चार मित्र, कोणी कारखान्याच्या पाळीतला, कोणी रिक्षाच्या थांब्यावरचा, कोणी भिशीतला, कोणी शाळेच्या बाकावरचा. केसपेपरचा फोटो व्हॉट्सअॅपवर फिरवायचा, वर्गणी गोळा करायची, कुबड्या आणायच्या, दाखल्यासाठी मित्राला पाठुंगळी घेऊन सरकारी कार्यालयाचा जिना चढायचा, ही कामे तेच करतात. या दृश्याला 'माणुसकी अजून जिवंत आहे' असे शीर्षक देऊन आम्ही वृत्तपत्रवालेही ते छापतो. हा गौरव आता आवरता घेतला पाहिजे. सार्वजनिक जबाबदारीचा एक संपूर्ण विभाग खाजगी दोस्तीच्या गळ्यात घालून राज्यव्यवस्था मोकळी झाली आहे, आणि त्या दोस्तीची शक्ती संपत आली आहे.

संकट किती विस्तारणार आहे, हे सांगायला ज्योतिषी नको. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पुढाकाराने झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीने देशात १०.१ कोटी मधुमेही आणि आणखी १३.६ कोटी लोक मधुमेहाच्या उंबरठ्यावर असल्याचा अंदाज मांडला. या व्याधीत पायाच्या नसा बधिर होतात आणि रक्तपुरवठा आटतो. नव्या चपलेने फोड आला, तापलेल्या फरशीवर अनवाणी चालून तळवा भाजला, खिळा रुतला, तरी माणसाला पत्ता लागत नाही. पत्ता लागतो तो दुर्गंधी सुटल्यावर. मधुमेहींच्या अंगच्छेदांपैकी सुमारे ८५ टक्के प्रकरणांच्या मुळाशी अशीच एक दुर्लक्षित जखम असते. त्याच्या जोडीला विडी-सिगारेटमुळे ऐन तारुण्यात रक्तवाहिन्या बुजवणारा बर्जर रोग आहे. लघुउद्योगांतल्या, सुरक्षेचा खर्च वाचवून चालवलेल्या पॉवर प्रेस आहेत, उपनगरी लोकल आहे, महामार्गावरची दुचाकी आहे. खेड्यात मळणी यंत्र आणि कडबाकुट्टी आहे. मजुरांचे हातपाय घेणाऱ्या अशा यंत्रांसाठी संसदेने १९८३ साली धोकादायक यंत्रांचा स्वतंत्र कायदा केला होता. त्या कायद्याचे नाव आज किती कृषी अधिकाऱ्यांना सांगता येईल, हा प्रश्न विचारून कोणाला अडचणीत टाकण्याची आमची इच्छा नाही.

एखाद्या रिक्षाचालकाचा गुडघ्याखाली पाय काढला, असे समजू. वय पंचेचाळीस, पदरी दोन मुले, रिक्षावर कर्ज. शस्त्रक्रिया योजनेत बसली. घरी आल्यावर पहिला खर्च ड्रेसिंगचा. मग क्रेप बँडेज, इन्सुलिन, प्रतिजैविके, आणि दवाखान्यात जायला दुसऱ्याच्या रिक्षाचे भाडे. जखम भरून, स्टंपची म्हणजे उरलेल्या पायाच्या टोकाची सूज उतरून त्याला आकार येईपर्यंत महिने जातात. या काळात बँडेज कसे गुंडाळायचे आणि गुडघा सरळ कसा राखायचा हे शिकवणारा फिजिओथेरपिस्ट भेटला नाही, तर घरची माणसे मायेपोटी स्टंपखाली उशी ठेवतात. त्या उशीवर आठवडेच्या आठवडे वाकून राहिलेला गुडघा आखडतो, आणि आखडलेल्या गुडघ्याला कृत्रिम पाय धड बसत नाही. शासनाने पैसे मोजून केलेल्या शस्त्रक्रियेचे फलित एका उशीपाशी अडते, कारण 'ती ठेवू नका' एवढे सांगणे कोणाच्याच कामाच्या यादीत नव्हते.

पुढची उतरंड ठरलेली आहे. रिक्षा उभी राहते, हप्ते थकतात, फायनान्स कंपनीची माणसे ती ओढून नेतात. पत्नी चार घरची धुणीभांडी करत असेल तर नवऱ्याच्या सेवेसाठी ती कामे सुटतात. म्हणजे दुसरी मिळकतही आटली. आधी मंगळसूत्र गहाण पडते, मग बचतगटाचे कर्ज, मग सावकार. थोरला मुलगा बारावीच्या वर्गातून गॅरेजमध्ये जातो आणि तिथून परत येत नाही. स्वस्त म्हणून घेतलेली खोली वरच्या मजल्यावर असते, शौचालय सार्वजनिक आणि उकिडवे बसायचे. रात्री नसलेल्या पावलाच्या बोटांत विजेचा झटका बसावा तशा कळा उठतात. अंगच्छेद झालेल्या बहुसंख्यांना त्या होतात, परंतु 'नसलेला पाय दुखतो' असे सांगितले की घरचेही चमकून पाहतात, म्हणून तो गप्प राहतो. शरीराचा सारा भार उरलेल्या पायावर, आणि त्याच्या नसाही तितक्याच बधिर. पैशाअभावी इन्सुलिनचे डोस चुकू लागतात. मग दुसऱ्या पायाला फोड येतो. मधुमेहापायी मोठा अंगच्छेद झालेल्या रुग्णांचे पाच वर्षांतले मृत्युप्रमाण अनेक कर्करोगांच्या तोडीचे आहे. कर्करोगाच्या रुग्णाला निदान सहानुभूती मिळते. याला 'गोड खाणे सोडले नसेल' असा शेरा मिळतो.

या उतरंडीच्या आड मित्रांनी उभे राहावे, ही समाजाची अपेक्षा. ते राहतातही. पहिल्या महिन्यात पाकिटे येतात, दुसऱ्यात फोन येतात, चौथ्यात तेही बंद होतात. याला मित्रांची कृतघ्नता म्हणणे अन्यायाचे होईल. गरिबाचे मित्र गरीबच असतात. थांब्यावरच्या दहा रिक्षाचालकांनी प्रत्येकी दोन हजार काढले तर वीस हजार जमतात. ते त्यांच्या दहा घरांच्या औषधांतून, शाळेच्या शुल्कातून आणि त्यांच्याच थकलेल्या हप्त्यांतून आलेले असतात. देशाच्या एकूण आरोग्यखर्चापैकी ३९.४ टक्के खर्च कुटुंबे स्वतःच्या खिशातून करतात, असे २०२१-२२चे राष्ट्रीय आरोग्य लेखे सांगतात. त्यात मित्राच्या कुटुंबासाठी रिकाम्या झालेल्या खिशाचा वेगळा रकाना नाही. एका अंगच्छेदाने एक घर बसते असे आपण समजतो. प्रत्यक्षात त्या घराला टेकू देणारी आणखी पाच-दहा घरेही कलतात.

याहून वाईट घडते ते पैशाच्या पलीकडे. घेतलेले परत करता येत नाही, म्हणून आजारी माणूसच मित्रांना टाळू लागतो. ज्याने अवघड दिवसांत दहा हजार दिले, तो समोरून येताना दिसला की नजर चुकवली जाते. देणाऱ्याने मागितलेले नसते. तरीही मैत्रीचे रूपांतर उधारीत होते आणि नेमक्या गरजेच्या काळात माणूस एकटा पडतो. दोस्तीवर तिला न पेलणारे आर्थिक ओझे लादले की दोस्तीही जाते आणि आधारही.

आंतरजालावरून लोकवर्गणी उभारण्याच्या नव्या सोयीचे गोडवे गाणाऱ्यांनी एवढे तरी पाहावे की ती कोणाला लाभते. ज्याच्याकडे नेटके इंग्रजी लिहिणारा भाचा आहे, बंगळुरूत किंवा न्यू जर्सीत वर्गमित्र आहे, त्याच्या दुःखाचे सादरीकरण होते. ऊसतोडणीच्या फडावर पाय गमावलेल्या मजुराचा असा वर्गमित्र कुठून येणार? शिवाय ही दानशूरता शस्त्रक्रियेपाशी थांबते. माणूस मरणार आहे असे सांगितले की पैसे जमतात. माणूस जगणार आहे आणि त्याला पुढची तीस वर्षे दर काही वर्षांनी नवा पाय लागणार आहे, असे सांगितले की ग्रुपवर शांतता पसरते.

आता शासनाच्या दानतीकडे वळू. २०१२ साली आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी म्हणून सुरू झालेली आणि आज महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने चालणारी जनआरोग्य योजना कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण देते. तिने असंख्य कुटुंबांना कर्जापासून वाचवले आहे, हे निःसंकोच मान्य केले पाहिजे. परंतु तिचा गाभा रुग्णालयाच्या खाटेवरचा उपचार हा आहे. खाट सोडल्यानंतरची बुडालेली मजुरी, महिनोन्महिन्यांचे ड्रेसिंग, स्टंपची निगा, कृत्रिम पायाच्या सॉकेटची दुरुस्ती हे तिच्या कक्षेत मावत नाही. रस्ते अपघातग्रस्तांसाठी केंद्राने २०२५ साली रोकडरहित उपचारांची योजना आणली: दीड लाख रुपयांपर्यंत, सात दिवस. जीव वाचवण्याच्या दृष्टीने ती स्वागतार्हच. मात्र ज्याचा पाय चिरडला, त्याच्यासमोर आठव्या दिवशी काय आहे, याचे उत्तर अधिसूचनेत शोधून सापडणार नाही.

गोपीनाथ मुंडे यांच्या नावाच्या शेतकरी अपघात अनुदानात एक अवयव गेल्यास १ लाख आणि दोन अवयव गेल्यास २ लाख रुपये मिळतात, पण सातबाऱ्यावर नाव असलेल्याला आणि त्याच्या कुटुंबातल्या एका सदस्याला. त्याच शेतात, त्याच मळणी यंत्रावर राबणारा भूमिहीन मजूर त्यात बसत नाही. यंत्र हात ओढून घेताना सातबारा तपासत नाही. तपासते ते तहसील कार्यालय. पॉवर प्रेसखाली अंगठा गमावलेल्या कामगाराचे अपंगत्व ३० टक्के धरले जाते. कायद्यातल्या बहुतेक सवलतींची दारे ४० टक्क्यांना उघडतात. ज्याचे पोटच अंगठा आणि तर्जनीच्या पकडीवर चालते, त्याला व्यवस्था सांगते की तुझे नुकसान दहा टक्क्यांनी कमी पडले.

संजय गांधी निराधार योजनेत दिव्यांगांचे मासिक अनुदान २०२५ साली अडीच हजार रुपये झाले. दिवसाला त्र्याऐंशी रुपये, आणि तेही उत्पन्नाच्या मर्यादेत बसून, कागद पुरे करून. हे कागद पुरे कोणी करायचे? ठरावीक वारी सिव्हिलला वैद्यकीय मंडळापुढे जाऊन वैश्विक ओळखपत्र काढणे, तहसीलचा उत्पन्नाचा दाखला, आधारशी जोडलेले बँक खाते, आणि या प्रत्येक दारात एका पायावर उभे राहणे. २०२२ साली महाराष्ट्राने स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग स्थापन केल्याचा अभिमान सर्वांनीच मिरवला. पाय गमावलेला नागरिक त्या विभागाला शोधत येईल, अशी या विभागाची रचना आहे. विभागाने रुग्णालयाच्या खाटेपर्यंत जावे, ही कल्पना अजून मंत्रालयाच्या मजल्यांवरून खाली उतरलेली नाही. ग्रामपंचायतींपासून महापालिकांपर्यंत प्रत्येक स्थानिक संस्थेने स्वउत्पन्नाचे ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्चावेत असा दंडक आहे. तो निधी किती आला, कोणावर खर्च झाला आणि किती पडून राहिला, याचा हिशोब ग्रामसभेत दरवर्षी वाचला गेला असता, तर कित्येक मित्रांना वर्गणीची वही घेऊन फिरावे लागले नसते.

रोजगाराची कथा याहून निष्ठुर आहे. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याचे कलम २० सांगते की सेवेत असताना अपंगत्व आलेल्या कर्मचाऱ्याला शासकीय आस्थापनेने काढू नये; त्याच वेतनश्रेणीत दुसरे काम द्यावे, तसे पद नसेल तर अधिसंख्य पद निर्माण करावे. १९९५च्या कायद्यातही ही तरतूद होती, आणि गँगरीनमुळे पाय काढावा लागलेल्या एका सुरक्षा दलातील जवानाला सेवामुक्त केले गेले तेव्हा २००३ साली सर्वोच्च न्यायालयाने तिच्याच बळावर त्याला न्याय दिला. परंतु हे कवच सरकारी नोकराला. खाजगी कारखान्यातला कंत्राटी कामगार, हॉटेलातला आचारी, घरोघरी पार्सल पोहोचवणारा तरुण यांच्यासाठी या कलमात एक अक्षर नाही. महाराष्ट्रातला बहुसंख्य कष्टकरी याच बाजूला उभा आहे. पाय गेला त्या दिवशी त्याची नोकरीही जाते, आणि ती जाणे कायद्याला खटकत नाही.

न्यायालये या बाबतीत शासनाच्या पुष्कळ पुढे गेली आहेत. 'राजकुमार विरुद्ध अजयकुमार' या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने वैद्यकीय टक्केवारी आणि कमाईची हानी या दोन वेगळ्या गोष्टी मानल्या; एकच हात गमावल्याने चालक किंवा सुतार जवळजवळ पूर्ण उद्ध्वस्त होतो, कारकुनाचे तसे होत नाही, हे स्पष्टपणे नोंदवले. २०२२ साली याच न्यायालयाने कृत्रिम पाय काही वर्षांनी बदलावा लागतो, त्याची देखभाल करावी लागते, हे भरपाईच्या हिशोबात धरले. पण भरपाई मागायला समोर कोणी तरी प्रतिवादी लागतो. ज्याला मधुमेहाने लोळवले, त्याने दावा कोणावर लावायचा?

ज्ञान नाही, साधने नाहीत, अशी सबब या देशाला देताच येणार नाही. पुण्याचे कृत्रिम अवयव केंद्र १९४४ पासून, युद्धात जखमी झालेल्या सैनिकांसाठी, उभे आहे. मुंबईत हाजी अलीला भौतिकोपचार व पुनर्वसनाची अखिल भारतीय संस्था १९५५ पासून आहे. जयपूरला १९६८च्या सुमारास रामचंद्र शर्मा हे कारागीर आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी मांडी घालता येईल, उकिडवे बसता येईल, चिखलातून अनवाणी चालता येईल असा पाय घडवला आणि पुढे तो जगभर गेला. उणीव आहे ती नंदुरबार, गडचिरोली, परभणीच्या माणसाला यांपैकी काहीही वेळेवर आणि वारंवार मिळण्याची. त्याच्या वाट्याला येते शिबिर. मंडप पडतो, मापे घेतली जातात, मान्यवरांच्या हस्ते पाय वाटले जातात, छायाचित्र निघते. चार-सहा महिन्यांत स्टंप आणखी बारीक होतो, सॉकेट सैल पडते, घासून जखम होते. दुरुस्ती करणारा तंत्रज्ञ तोवर पुढच्या शिबिराला गेलेला असतो. पाय माळ्यावर चढतो, माणूस पुन्हा कुबड्यांवर येतो, आणि शासकीय अहवालात 'लाभार्थी' म्हणून त्याची नोंद अबाधित राहते.

सर्वांत संतापजनक बाब ही की यातले कितीतरी पाय वाचू शकतात. तळव्याची संवेदना तपासायला नायलॉनचा एक ठरावीक जाडीचा धागा पुरतो. दहा ग्रॅमच्या दाबाने तो टेकवायचा आणि रुग्णाला जाणवते का ते विचारायचे. काही मिनिटांचे काम, प्रशिक्षित आशा किंवा परिचारिका करू शकेल असे. बधिर पाय कसा जपायचा हे तर महाराष्ट्राच्या कुष्ठसेवेने कित्येक दशकांपूर्वीच आत्मसात केले आहे: मायक्रोसेल्युलर रबराची मऊ चप्पल, रोज रात्री तळवे आरशात पाहण्याची सवय, भोवरी ब्लेडने न कापण्याची ताकीद. ती विद्या मधुमेहाच्या ओपीडीत आणायला कोणते परदेशी तंत्रज्ञान लागते? प्राथमिक आरोग्य केंद्रात शुगर मोजली जाते, गोळ्या दिल्या जातात, पण रुग्णाला 'चप्पल काढा, पाय दाखवा' असे म्हणणारा दुर्मीळ. ते तीन-चार शब्द न उच्चारल्याची किंमत पुढे शस्त्रक्रियेच्या दराने, अनुदानाच्या दराने आणि शाळा सुटलेल्या मुलांच्या आयुष्याने मोजली जाते.

म्हणून शासनाकडे आमची मागणी मोघम सहानुभूतीची नाही. अंगच्छेद झालेल्या एकाही रुग्णाला दिव्यांगत्वाच्या दाखल्याचा अर्ज खाटेवरच भरल्याशिवाय, फिजिओथेरपीची वेळ ठरवल्याशिवाय, कृत्रिम अवयवाच्या मापाची तारीख हातात दिल्याशिवाय डिस्चार्ज देऊ नये. जनआरोग्य योजनेच्या संरक्षणातला काही हिस्सा शस्त्रक्रियेनंतरच्या वर्षासाठी राखून ठेवावा, आणि त्यात बुडालेल्या मजुरीचाही विचार व्हावा. शिबिरांवरचा खर्च वळवून जिल्ह्याच्या ठिकाणी कायमस्वरूपी दुरुस्ती कार्यशाळा उभारावी. कलम २०चे संरक्षण खाजगी क्षेत्राला लागू करण्याचा आग्रह राज्याने दिल्लीत धरावा. धर्मादाय रुग्णालयांत निर्धनांसाठी १० टक्के खाटा मोफत आणि दुर्बलांसाठी १० टक्के सवलतीत राखणे बंधनकारक आहे. त्या खाटांवर प्रत्यक्षात कोण झोपते, हे धर्मादाय आयुक्तांनी दर महिन्याला जाहीर करावे.

मित्रांनाही दोन शब्द. रुग्णालयात एकदम मोठी रक्कम देऊन मोकळे होण्यापेक्षा वर्षभर दरमहा थोडी द्या, आणि ती परत येणार नाही असे पहिल्याच दिवशी मोकळेपणाने सांगून टाका. पैसे नसतील तर दाखल्याच्या रांगेत त्याच्याऐवजी उभे राहा, ग्रामपंचायतीकडे ५ टक्के निधीचा हिशोब लेखी मागा, त्याच्या उरलेल्या पायाचा तळवा आठवड्यातून एकदा स्वतः पाहा. तुम्ही हे कराल याबद्दल आम्हाला शंका नाही. आजवर तुम्हीच करत आला आहात.

शंका आहे ती सत्तेवर बसलेल्यांबद्दल. मधुमेहींची वाढती संख्या, हा रोग पायापर्यंत कसा पोहोचतो आणि पायानंतर घर कसे कोसळते, यातले काहीही त्यांच्यापासून लपलेले नाही. येत्या अर्थसंकल्पात अंगच्छेदानंतरच्या पुनर्वसनासाठी स्वतंत्र तरतूद दिसली नाही, तर ते अनवधान मानता येणार नाही. तो निर्णय असेल, आणि त्याची जबाबदारी तो घेणाऱ्यांच्या नावावर नोंदवली जाईल.